पाय न टेकवणारी पायाळू

तुमच्या घरात पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतलेलं कोण आहे? खरं सांगा. रोज वर्तमानपत्र वाचणारे, पोराला इंजिनिअरिंगला घालणारे, देवळाची पायरी न चढणारेसुद्धा रविवारी सकाळी चहा न घेता अशा माणसाच्या दारात पालथे पडलेले मी पाहिले आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या पायात उसण उतरवायची ताकद असते, अशी आपल्याकडे समजूत आहे. समजूत खोटी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे लिहिणार आहे त्याचा कुणी सोयीचा अर्थ काढणार नाही. कारण मी एका पायाळू बाईबद्दल लिहिणार आहे आणि तिच्याविरुद्ध लिहिणं मला जमणार नाही.

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. वडील नारायणगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेल्या कागदावर जगातल्या सगळ्या अन्यायांविरुद्ध पत्रकं काढायचे. मी ओतूरला कॉलेजात गेले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही चौघांनी मिळून एक पत्रक काढलं आणि बाजाराच्या दिवशी वाटायला उभे राहिलो. मथळा होता, ‘पाठदुखीवर लाथ हा इलाज नाही’. एका कांदेवाल्यानं ते उलटसुलट पाहिलं, हसला आणि पलीकडे बोट दाखवलं. ‘‘ती काय तुमची पायाळू, मिरच्या निवडतीया. तिला बी द्या की येक.’’

पन्नाशीची, काटक बाई होती. पदर कानामागं खोचलेला, मिरची देठाशी दाबून बघायची सवय. मी पत्रक पुढं केलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, वाचून दाव. मी वाचलं. आवाज चढवून, शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचलं. भोवती माणसं जमली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होते. ती फक्त ऐकत होती, जसं कुणी लांबच्या नातेवाइकाचं पत्र ऐकावं तसं.

‘‘ते मधलं परत वाच,’’ ती म्हणाली. ‘‘काय होत न्हाई म्हनून लिव्हलंय ते.’’

मी वाचलं. पाय लावल्याने पाठीला काहीही होत नाही.

‘‘ते चुकलंय,’’ ती म्हणाली. ‘‘व्हतं. मोडतं बी.’’

मग तिनं पत्रकाची चौकोनी घडी करून कमरेला खोचली आणि वजन नीट कर म्हणून मिरचीवाल्याशी भांडायला लागली. मी तिथंच उभी राहिले. माझ्याकडचे उरलेले कागद त्या दिवशी कुणाला दिले, दिले की नाही, मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या वाडीवर गेले. मांडवी नदी ओलांडून चालत अर्धा तास. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोरून जाणारा पाण्याचा पाट. पाटाच्या कडेला सात-आठ बायका रांगेनं बसलेल्या. नाव कौसल्या, सगळे कौसामावशी म्हणत. नवरा मुंबईला होता आणि तिथंच वारला, मूलबाळ नव्हतं, आठवड्याचे बाकी दिवस ती लोकांच्या रानात कांदा लावायला आणि टोमॅटो तोडायला जाई. यापलीकडे तिचं चरित्र मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, माझं काय, मी उलटी आले आन सुलटी जाईन.

तिची पहिली गोष्ट जी माझ्या डोळ्यात भरली ती म्हणजे तिचे दोन पाय. डावा पाय भेगाळलेला, नखात माती. उजवा पाय राख आणि नारळाच्या काथ्यानं घासून घासून एखाद्या शहरी बाईचा असावा तसा. प्रत्येक बाईच्या आधी ती तो धुवायची आणि नंतर पुन्हा धुवायची. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘ह्यो गिऱ्हाइकाचा, त्यो माजा.’’

ती कुणाकडून काही घेत नसे, नारळसुद्धा नाही. भाजी आणली तर त्या कोपऱ्यात ठेव म्हणायची आणि जाताना दुसऱ्या कुठल्या बाईच्या पिशवीत घालायची. पुरुषही यायचे. त्यांच्याशी ती फटकून बोले. एकदा पोट सुटलेला एक पुढारी जीपमधून उतरला आणि पाठीच्या तक्रारी सांगू लागला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘पाठीचा काय दोष, भाऊ? पुढं येवढं पोतं बांधलंय, ते ती बिचारी मागनं वढतीया.’’ रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तोही हसला, आणि तरी पालथा पडला. तिनं पायाचा अंगठा त्याच्या सदऱ्याला लावल्यासारखा केला आणि म्हणाली, झालं, आता महिनाभर भात कमी खा, न्हाई तर गुण येत न्हाई.

हे सगळं मजेचं होतं आणि मला त्याची चीड येत होती. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की ती जवळजवळ कुणाच्याच पाठीवर पाय टेकवत नाही. वर धरते, हवेत तीनदा फिरवते, फार तर कापडाला लावते. तिचं खरं काम त्याच्या आधी चालायचं. सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला ती पाटापलीकडे बसवायची, ‘नजर पडली तर उतरत न्हाई’ असं सांगून. मग बाईला आत नेऊन हळू आवाजात विचारायची. किती दिवस दुखतंय. कुठं वजन उचललं. आणि एक प्रश्न तर ती कुणालाच चुकवायची नाही : ‘‘निजल्यावर कमी हुतं का वाढतं?’’ मग म्हणायची, ‘‘त्या फळीवरचा तांब्या दे गं मला.’’ फळी मुद्दाम उंच ठोकलेली होती. बाई हात वर करी आणि मावशी तिच्या दोन्ही हातांकडे बघे. हात पूर्ण वर जातो का. दोन्ही हातांतल्या बांगड्या सारख्या मापाच्या आहेत का, की एका हातातल्या रुतल्या आहेत.

हे कशासाठी, ते तिनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. कांदा निवडताना थोडं, पाटावर भांडी घासताना थोडं असं सांगितलं. मी ते जोडून लिहिते.

मी भेटण्याच्या दोन वर्षं आधी पेठच्या बाजूची शेवंता नावाची बाई तिच्याकडे आली होती. बागायतदार घर. मुलगा आणि सून सोबत. महिनाभर पाठ दुखत होती, निजलं की जास्तच, गोळ्या खाऊन झाल्या होत्या. मावशीची तेव्हा काही विचारायची पद्धत नव्हती. बाई पालथी झाली, मावशीनं टाच कमरेच्या वर ठेवली आणि रोजच्यासारखा भार दिला. तिला टाचेखाली काहीतरी तुटल्याचं कळलं. आवाज आला म्हणत नाही, टाचेला कळलं म्हणते. शेवंताला उठता येईना. पाय हलेनात.

पुण्याला नेल्यावर उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी शेवंताच्या छातीतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून त्या बाजूचा हात सुजलेला असायचा आणि पुरता वर जात नसे. तो आजार मागं राहिला होता आणि मणक्यात जाऊन बसला होता. मणका आतून खाल्ला गेला होता. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं की आज ना उद्या हंडा उचलतानाही तो मोडलाच असता. घरच्यांनी मावशीला एका शब्दानं दोष दिला नाही. मुलगा पुन्हा येऊन सांगूनही गेला. आणि जाता जाता त्यानं खिशातून एक कागद काढून दाखवला. दर सहा महिन्यांनी आईचं रक्त तपासून घेत होतो, म्हणाला. हा बघा, मागच्याच महिन्याचा. आकडा चांगला आहे. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो, मावशी, म्हणून तर तुमच्याकडं आणली.

शेवंता त्यानंतर अंथरुणावरच होती आणि त्याच वर्षी गेली.

‘‘मंग त्यो कागूद खोटा व्हता का?’’ मावशीनं मला विचारलं. तिला बाकी कुणाला विचारता आलं नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं. मला समाजातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ होती, आणि हे येत नव्हतं.

मी नारायणगावच्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. छातीच्या कॅन्सरच्या पेशी काही वेळा रक्तात एक पदार्थ सोडतात. तो मोजायची तपासणी असते, डॉक्टर तिला मार्कर म्हणतात, म्हणजे खूण. उपचार चालू असताना आकडा चढत गेला तर सावध व्हायचं, उतरला तर औषध लागू पडतंय असं समजायचं. पण सगळ्यांच्या शरीरात तो पदार्थ तितका सुटतच नाही. हाडात आजार पसरलेला असतो आणि आकडा मर्यादेच्या आतच राहतो, असंही होतं. उलट कधी दुसऱ्याच कारणानं आकडा वाढतो. म्हणून नुसत्या रक्तावर जायचं नसतं. अशा बाईची पाठ, कंबर, बरगडी दुखायला लागली आणि थांबेना, तर हाडांचे फोटो काढायचे, स्कॅन करायचा. कागद खोटा नव्हता. कागदाला जेवढं विचारलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं होतं. आणि हे त्या घराला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. इंग्रजी रिपोर्ट हातात दिला, पुढचा नंबर पुकारला.

मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती बराच वेळ लसूण सोलत राहिली.

‘‘म्हंजे राखनीचं कुत्रं,’’ ती म्हणाली. ‘‘भुकलं तर उठायचं. पर भुकलं न्हाई म्हनून चोर आला न्हाई, असं धरायचं न्हाई.’’

मी चार वर्षं पत्रकं लिहीत होते, इतकं स्वच्छ वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं.

आमचं भांडण त्यानंतर सुरू झालं आणि कधी संपलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला माहीत आहे की पायात काही नाही. तुम्हाला माहीत आहे की धोका आहे. तर मग जाहीर सांगा, मी छापते, ‘मी पाय लावणं बंद केलं’ असं तुमच्या नावानं. तुमच्यासारखीनं सांगितलं तर लोक ऐकतील.

‘‘आन मंग ह्या कुटं जातील?’’

डॉक्टरकडं जातील, मी म्हणाले.

‘‘डॉक्टरकडं जायाला घरात सांगावं लागतं, बाय. भांडावं लागतं. माझ्याकडं घरचीच आनून सोडत्यात. तेवढ्यात मी इचारून घेते.’’

म्हणजे तुम्ही फसवता, मी म्हणाले. तीही म्हणाली, फसवते. मी म्हणाले, चांगल्या कामासाठी फसवणं हेसुद्धा फसवणंच. ती म्हणाली, तू जेवून जा. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातून दोन गाड्या बदलून आलेल्या एका बाईची बांगडी रुतलेली पाहून मावशीनं तिला त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे पाठवलं होतं आणि तिचं दुखणं वेळेवर सापडलं होतं. हे मला माहीत होतं. तरी माझं तत्त्व मला सोडवेना. आजही मी बरोबर होते असं मला वाटतं. तीही बरोबर होती असं वाटतं. या दोन गोष्टी एकत्र बाळगून मी थकले आहे.

एक सांगायला हवं. ती जितक्या बायकांना विचारायची त्यातल्या निम्म्या तरी खोटं सांगायच्या. गाठ होती का? नाही. ऑपरेशन झालं? नाही, बाळंतपणाचं तेवढं. सुरुवातीला तिला वाटायचं की लाजतात. मग तिला कळलं की काहीजणी खोटं बोलतच नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ‘गाठ होती, काढली’ एवढंच त्यांना सांगितलेलं असायचं. आजाराचं नाव नवऱ्याला, दिराला, भावाला माहीत. मावशी यावर फार चिडायची. बाईचंच अंग, म्हणायची, आन बाईच परकी.

आणि तरीही तिनं स्वतः तेच केलं.

तिची धाकटी बहीण हिरा. पंधरा वर्षांनी लहान, मावशीनं कडेवर वाढवलेली, घोडेगावजवळ दिलेली. आमची ओळख होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील तेव्हा हिराच्या छातीत गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात हिराचा नवरा दत्तूभाऊ, तिचे दोघे भाऊ आणि मावशी यांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही. ‘‘खचंल ती,’’ दत्तूभाऊ म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, तेव्हा रडत होता. डॉक्टरांनी नातेवाइकांचं ऐकलं. हिराला सांगितलं, दुधाची गाठ होती. पुढच्या इंजेक्शनांनी केस गेले तेव्हा सांगितलं, औषध उष्ण पडलं.

मावशीला मी विचारलं, हे काय केलंत? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, ती माझी हिरा हाय. जणू ते उत्तर होतं.

आणि मीही काय केलं? तोवर मी जुन्नरच्या एका साप्ताहिकात काम करू लागले होते. दर काही महिन्यांनी दत्तूभाऊ हिराच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला यायचा. मी वाचायचे, आकडा मर्यादेच्या आत आहे. तो सुटकेचा निःश्वास टाकायचा आणि माझ्यासाठी भजी मागवायचा. मी त्याला दर वेळी सांगायचे की नुसत्या आकड्यावर जाऊ नका, काही दुखलं-खुपलं तर हाडांचं बघा. तो मान डोलवायचा. पण हिराला सांगा, असं मी त्याला एकदाच म्हणाले, आणि तो गप्प झाल्यावर मीही गप्प झाले. सत्यावर मी तेव्हा दर आठवड्याला एक रकाना लिहीत होते.

एका मंगळवारी मी मावशीकडे बसलेली असताना मोटरसायकलवरून ती दोघं आली. भुईमूग काढून झाला होता, कांद्याची लावणी तोंडावर होती. हिरा उतरतानाच कमरेला हात लावून उतरली. दीड महिना पाठ धरलीय, म्हणाली. तुझ्याकडं यायला ह्यांना सवड व्हईना.

दत्तूभाऊ मावशीला बाजूला घेऊन म्हणाला की आक्का, कागद मागच्याच आठवड्यातला आहे, ह्या ताईंनीच वाचलाय, काही नाही. तेवढा पाय लावा, म्हणजे लावणीला उभी राहील.

मावशीनं नेहमीसारखा पाय धुतला. हिरा तरटावर पालथी झाली. दत्तूभाऊला मावशीनं पाटापलीकडे जायला सांगितलं नाही. मी दाराशी होते.

‘‘निजल्यावर कमी हुतं का वाढतं?’’ मावशीनं विचारलं.

‘‘वाढतंय गं,’’ हिरा तोंड तरटात घालून म्हणाली. ‘‘उठून बसलं का जरा बरं. तू पाय टेकव आक्के, चांगला दाबून टेकव. तुझ्या त्या बायकांसारकं फिरवू नकोस नुसता.’’

मावशी भिंतीला हात लावून उभी होती. उजवा पाय उचललेला, त्यावरून पाणी निथळत होतं. किती वेळ ती तशी एका पायावर उभी होती, मला सांगता येणार नाही. मग तिनं तो पाय खाली जमिनीवर, मातीत टेकवला.

‘‘ऊठ हिरे,’’ ती म्हणाली. ‘‘तुजी गाठ दुधाची न्हवती.’’

‘‘आक्का,’’ दत्तूभाऊ म्हणाला. एवढंच.

‘‘क्यान्सर व्हता. ह्याला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. ह्या पोरीला बी.’’

हिरा उठून बसली. तिनं पदर नीट केला, अंगाला लागलेली तरटाची कुसं झटकली. मला वाटलं ती रडेल. तिनं विचारलं, सासूबाईंना? मावशीनं होकाराची मान हलवली. शेजारच्या गंगूला? दत्तूभाऊ खाली बघत होता.

‘‘म्हंजे येकटी मीच ऱ्हायले व्हते व्हय,’’ हिरा म्हणाली. मग मावशीकडे वळली. ‘‘दोन वर्सं तुला सांगतीया, आक्के, मला दमायला हुतंय, हात जड पडतोय. तू म्हनलीस, आळस झटक. म्हनलीस का न्हाई?’’

मावशी म्हणाली, म्हनले.

‘‘मी तुझं ऐकून झटकला.’’

हिरानं स्वतःच दत्तूभाऊला विचारलं की फाइल कुठं आहे. घरी पत्र्याच्या पेटीत, धान्याच्या कणगीमागं, म्हणाला. आज घरी गेल्यावर ती माझ्याकडं द्यायची, हिरा म्हणाली, आणि उद्या पुण्याला जायचं.

पुण्यात स्कॅन झाला. दोन मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात आजार सापडला. आकडा तेव्हाही मर्यादेच्या आतच होता. पण हाड मोडलं नव्हतं. किरणांचे शेक दिले, गोळ्या बदलल्या, हाडं टिकवायचं इंजेक्शन दर महिन्याला सुरू झालं. हिरा त्यानंतर पाच वर्षांच्या आसपास जगली आणि जवळजवळ सगळे दिवस स्वतःच्या पायांवर होती. या काळात तिनं धाकट्या मुलीचं लग्न दोन वर्षं पुढं ढकलून तिला डी.एड. करायला लावलं, आपल्या नावची चार वाफ्यांची जमीन कुणाला जायची ते ठरवलं, आणि सासूशी एक जुनं भांडण मिटवलं. मला म्हणाली, हे समदं मी आदीच केलं असतं.

मावशीला मात्र तिनं माफ केलं नाही. नवऱ्याला केलं. त्याला काय कळतंय, म्हणाली. आक्काला कळत व्हतं.

मावशीकडे नंतर बायका येत राहिल्या, पण कमी. आता ती पाय हवेतसुद्धा फिरवत नव्हती. आधी दवाखान्याचे कागद आण, कागद नसले तर घरच्यांना विचारून ये तुला काय झालं होतं, असं सरळ सांगायची. लोक म्हणू लागले की तिची टाच बाटली, गुण गेला. दुसऱ्या गावात एक नवा पायाळू निघाला, तो चांगला दणकून पाय देई. बायका तिकडं जायला लागल्या. मी जिंकले होते, तिनं पाय लावणं जाहीरपणे बंद केलं होतं. आणि रविवारी पाटाच्या कडेला कुणी नसायचं. मावशी तिथं एकटी बसून दोन्ही पाय पाण्यात सोडायची. उजवा पायही आता डाव्यासारखा भेगाळला होता. त्या रिकाम्या कडेबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही. एकदा फक्त म्हणाली, ‘‘आता कोन इचारीत आसंल गं त्यांना?’’

ती हिराच्या आधी गेली, साध्या तापानं, चार दिवसांत. दहाव्याला हिरा आली होती. चालत आली होती.

मी मावशीला शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, ओतूरच्या एसटी स्टँडवर. महिन्याच्या इंजेक्शनसाठी पुण्याला जायचं असलं की हिरा आदल्या दिवशी ओतूरला मुलीकडे मुक्कामाला यायची आणि सकाळची गाडी धरायची. मावशी दर महिन्याला नदी ओलांडून स्टँडवर यायची. हिरा तिला सोबत चल म्हणायची नाही आणि येऊ नकोसही म्हणायची नाही. एका बाकावर दोघी बसायच्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. फाइल हिराच्या मांडीवर असायची, दोन्ही हातांनी धरलेली. मावशीनं एकदा धरायला हात पुढं केला तेव्हा तिनं ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली होती.

त्या दिवशी गाडी आली ती भरून आली. हिरानं फाइल काखेत मारली आणि गर्दीत शिरली. मावशी तिच्या मागं. हिरा पायरी चढत होती आणि मावशीनं दोन्ही तळवे उघडून तिच्या पाठीशी धरले होते, वीतभर अंतरावर. स्पर्श न करता. कुणाचा धक्का आला असता तर त्या तळव्यांवर आला असता. दार लागलं, गाडी हलली, तरी तिचे हात तसेच होते.

मग तिनं ते खाली घेतले आणि मला विचारलं, ‘‘बसाया मिळालं का गं तिला? माझी नजर पोचंना.’’

खिडकीतून मला हिरा दिसत होती. हो म्हणणं सोपं होतं.

‘‘नाही मावशी,’’ मी म्हणाले. ‘‘उभी आहे. दांडा धरलाय.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘सांगितलंस ते.’’ आणि ती नदीच्या वाटेला लागली.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी अशी एखादी बाई असेल जिच्या आजाराचं नाव तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. कणगीमागं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, गादीखाली, जिथं लपवली असेल तिथून तिची फाइल काढा. आज काढा. तिच्याजवळ बसून ते नाव एकदा स्पष्ट उच्चारा आणि फाइल तिच्या हातात द्या. ती पाठ दुखते म्हणाली तर रक्ताचा कागद दाखवून तिला गप्प बसवू नका, डॉक्टरांना हाडं तपासायला सांगा. ती तुमच्यावर रागावेल. कदाचित कायमची रागावेल. तरी सांगा.